पबातले आमचे व्याही

साल २०२३. माझं वय त्र्याहत्तर. त्या वर्षी माझी खात्री पटली, की आमच्या व्याह्यांना ओळखत नाही असा माणूस नाशिक जिल्ह्यात उरलेला नाही. माझ्या सुनेचे ते वडील. मनमाडला रेल्वेत गार्ड होते, आता देवळाली कॅम्पला राहतात. बसमध्ये चढले की दोन थांब्यांत कंडक्टरच्या पोरीचं लग्न कुठं अडलंय ते यांना ठाऊक. माझ्या मळ्यावर आले की माझाच कुत्रा मला सोडून यांच्या पायाशी. मी चौथीच शिकलो, पण चाळीस वर्षं भजनात पखवाज वाजवलाय, गावात शब्दाला मान आहे. तरी लग्नकार्यात लोक मला विचारतात, तुमचे व्याही नाय आले?

तर हे गृहस्थ दर रविवारी दुपारी गंगापूर रोडच्या एका आयरिश पबात जाऊन बसतात, हे मला मुलाकडून कळलं. का, तर तिथं माझी नात गाते. आठ महिने गात होती, आणि मला पत्ता नाही. सख्खी नात माझी, आडनाव माझं, आणि ऐकायला हे. त्या आठवड्यात मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी त्यांचाच फोन आला, "पाहुणे, येता का रविवारी?" मी म्हटलं, बघू. आणि रविवारी धोतर-टोपी घालून त्यांच्याआधी दारात हजर.

आत गेलो तर भिंतीएवढ्या टीव्हीवर फुटबॉल आणि टेबलाटेबलावर आरडाओरडा. व्याही पितात लिंबू-सोडा, पण त्यांच्यावाचून कुणाचा घोट खाली उतरत नव्हता. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. ज्याच्यावर गोल होईल त्याची बाजू घ्यायची, असा त्यांचा हिशेब. त्यामुळं अर्ध्या तासात तीनदा पक्ष बदलला आणि तिन्ही वेळा शेजारच्या पोरांनी त्यांना मिठ्या मारल्या. वेटर येऊन पाया पडून गेला. माझ्या नाही, त्यांच्या.

मग नात गायला उभी राहिली. तिच्या शेजारी एक दाढीवाला डफासारखं वाद्य काडीनं वाजवत होता. त्याचा आवाज पार पोकळ. व्याही एका कानानं अधू, त्यांना काय कळणार. म्हटलं, आता आपली पाळी. पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक थापली की आवाजाला कसा घुमारा येतो, हे मला कळतं. गाणं थांबल्यावर मी वेटरकडं कणीक मागितली. त्यानं पिझ्झ्यासाठी भिजवलेला मैदा आणून दिला. दाढीवाला नको नको म्हणेपर्यंत मी त्याच्या वाद्याच्या कातड्यावर भला मोठा गोळा थापला. त्यानं काडी मारली. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज झाला. सगळा पब हसला, आणि टाळ्या वाजवत उठले ते एकटे व्याही. म्हणाले, आता कसं वजन आलं. त्यांचा अधू कान आमच्याकडं होता, त्यांना आवाज ऐकूच आला नव्हता.

नातीनं माईकवर सांगितलं, "हे माझे दुसरे आजोबा."

दुसरे.

गाणी संपल्यावर ती टेबलापाशी आली. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती रागावली नाही. माझ्या बोटांना चिकटलेला मैदा पुसत म्हणाली, "आजोबा, तुम्ही काय म्हणाल ते मला आधीच पाठ असतं."

व्याही त्या वेळी टीव्हीकडं बघत होते. मुद्दामच बघत होते, कारण खेळ केव्हाच संपला होता.

आमच्याकडं बोलावल्याशिवाय व्याह्याच्या दारी कुणी जात नाही. मी तर बोलावल्यावरसुद्धा दोन वेळा आढेवेढे घेणारा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं देवळाली कॅम्पला गेलो. व्याही बनियनवर दात घासत होते. चहा नको म्हटलं, आणि ओट्यावर बसून विचारलं, "ती तुमच्याशी काय काय बोलते, तेवढं सांगा."

त्यांनी चूळ भरली, माझ्या शेजारी बसले, आणि मी त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला सरकलो.