बिरदेवाला रोज सांगावं लागतं

जतच्या पूर्वेला, जिथं माणसं कानडीत भांडतात आणि मराठीत समेट करतात, तिथं रंगुबाई राहते. नवरा सोनं गाळायच्या कामाला परमुलखात होता. त्यानं घरी एचआयव्ही आणला आणि तो गेला. रंगुबाई गोळ्या घेऊन जगली.

धाकटा दीर बिरदेव. ती लग्न होऊन आली तेव्हा शेंबडं पोर होता. तिनंच त्याला भरवून मोठा केला. पुढं तो मेंढरं राखू लागला. दुखणाईत मेंढी कळपात ओळखू यावी म्हणून तिच्या पाठीवर लाल पट्टा ओढतात. भावाचं दिवसकार्य उरकल्यावर बिरदेवानं देवळापुढं, सगळ्या भावकीदेखत, तोच रंग वहिनीच्या पाठीवर फासला. लोक हसले. एक दिवस ह्याच्याच तोंडून चूक कबूल करून घ्यायची, एवढं तिनं मनाशी धरलं आणि त्यावर ती तगली.

तोवर आपली आठवण शाबूत राहते ना हे कळावं, म्हणूनच सांगलीतल्या डॉक्टरांच्या अभ्यासात ती आपणहून गेली. एचआयव्ही घेऊन म्हातारी होणारी माणसं विसराळू होतात का, झाली तर आजारानं, गोळ्यांनी की नुसत्या वयानं, हे डॉक्टर वर्षानुवर्षं तपासत होते. शब्द ऐकवायचे, थोड्या वेळानं परत विचारायचे. चाचणी घेणारी सुमैरा म्हणायची, "मावशी, तुमचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतंय."

"चालंल न्हाई तर काय! मला एकाचं उट्टं काढायचं हाय."

यंदा मात्र ती पडलेल्या चेहऱ्यानं आली. बिरदेव विसरायला लागला होता. त्याला ना एचआयव्ही, ना कसल्या गोळ्या. आधी स्वतःची मेंढरं विसरला, मग बायकोचं, राणीचं नाव.

"आगं, काय केलं ते त्योच इसारला. आता सूड कुनावर उगवू? आठवन करून दिली तर?"

"तेवढ्यापुरतं कळतं, मावशी. वाईटही वाटतं. मग पुन्हा पुसलं जातं."

"म्हंजे परत सांगितलं, की परत वाईट वाटंल?"

सुमैरानं मान हलवली. हलवल्यावर तिला कळलं, आपण कशाला हो म्हटलं ते.

आता रंगुबाई रोज सकाळी बिरदेवाच्या ओट्यावर जाऊन बसते. संथ आवाजात सगळं सांगते. पाठीला गार लागलेला रंग, कोण कोण हसलं ते. ऐकता ऐकता त्याचा चेहरा कसनुसा होतो.

"आरं द्येवा! कुनी केलं आसं?"

"तू."

तो लेकरागत रडतो, तिचे पाय धरायला वाकतो. "वैनी, चुकलं माजं." ती पाय मागं घेते. माफीचं ऐकून घेते, देत नाही. दुपारी तो तिथंच हसत बसलेला असतो.

परवा राणी आडवी आली. "आक्का, पुरं की आता. त्येंच्या ध्यानात तरी ऱ्हातंय व्हय?"

"न्हाई ऱ्हात. म्हनून तर यावं लागतं."

राणी बाजूला झाली. त्या दिवशी देवळापुढं हसणाऱ्यांत तीही होती. रंगुबाई रोज सगळ्यांची नावं घेते, तिचं तेवढं गाळते, आणि गाळताना तिच्याकडं बघते.