साडेअकराचा प्रश्न

नातवंडांनो,

तुमचा फोटो मिळाला. चिखलाने भरलेले बूट, मागे मेंढ्या, धाकटीच्या गळ्यात नकाशा. ‘दिवसभर डोंगरात चाललो, आजी, आणि जायचं कुठेच नव्हतं. तुला नवल वाटेल,’ असं लिहिलंत. मला नवल वाटलं नाही, मीही हे केलेलं आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी गुडघ्यांपायी मला जिनाही बंद केला, तेव्हा चढण्याबद्दल जे सांगायचं ते आत्ताच लिहून ठेवते.

लग्नाला चार महिने झाले होते. रोह्याला तीन खोल्यांत आम्ही नऊ माणसं. पेणच्या शाळेतून मला शिक्षिकेच्या जागेसाठी पत्र आलं होतं आणि होकार-नकार सोमवारपर्यंत कळवायचा होता. पत्र मी मैत्रिणीचं म्हणून खपवलं. आता तुमच्या आजोबांना विचारायला हवं होतं. घरात आमची फार तर दोन मिनिटं कुजबुज होई आणि हा विषय दोन मिनिटांचा नव्हता.

कॉलेजात आम्हाला एका इंग्रज साहेबाचा धडा होता. रविवारी नवरा-बायको टेकडी चढतात, वर बसून पाव खातात आणि उतरतात. धड्यात टेकडीची वर्णनं पुष्कळ होती. मला आठवत होतं ते एवढंच, की ती दोघं वाटभर बोलत असतात. येत्या रविवारी डोंगरावर जाऊ, असं मी तुमच्या आजोबांच्या कानात घातलं आणि घरात कुणाला वाचता येऊ नये म्हणून इंग्रजीत वेळापत्रक केलं. सात दहाला निघणे. सव्वाअकराला माथा. साडेअकराला प्रश्न.

सासूबाईंनी चौकशी केली. “वर देव आहे?”

“नाही,” तुमचे आजोबा म्हणाले.

“लाकडं आणायचीत?”

“नाही.”

“मग वर आहे काय?”

“हवा.”

“इथे कमी पडते?” असं म्हणून त्यांनी तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाची उसळ बांधून दिली, पोटाच्या दुखण्यासाठी कुड्याची साल आणायला सांगितली आणि बरोबर आत्याबाईंना दिलं. डोंगरावरून रिकाम्या हाताने कुणी येत नाही आणि नवी सून नवऱ्याबरोबर एकटी जात नाही, या दोन्ही गोष्टींची सोय झाली.

आत्याबाई म्हणजे आजोबांची आत्या. वय साठीचं, पाय विशीचे. कुंडलिकेचा पूल ओलांडला आणि आजोबा रीतीप्रमाणे चाळीस पावलं पुढे गेले. मी वेग वाढवला की आत्याबाई वाढवीत. मी धापा टाकत थांबले की त्या म्हणत, “बस हो, घाई कसली? वर काही पळून जात नाही.”

माथ्यावर आम्ही अकरा पंचविसाला पोचलो. आत्याबाई आमच्या दोघांच्या बरोबर मध्ये बसल्या आणि मधोमध भाकरीचं गाठोडं सोडलं. साडेअकरा वाजले. मी घड्याळाकडे पाहिलं, आजोबांनी उसळीकडे. “वाल चांगले शिजलेत,” ते म्हणाले. आत्याबाई म्हणाल्या, “मी सोललेत.” असे साडेअकरा गेले.

उतरताना आजोबा कुड्याची साल काढायला घळीच्या पलीकडे गेले. आत्याबाई मागे शिकेकाई वेचत होत्या. उतारावर बायका गवत कापत होत्या. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी ओरडले, “अहो, मला पेणच्या शाळेत नोकरी मिळतेय. घेऊ का?”

पलीकडून त्यांनी कानाला हात लावला. काही ऐकू गेलं नव्हतं.

त्या डोंगरात बायका एकमेकींना निरोप हाकेनेच देतात. खालच्या घरी सांगायचं असलं तर वरची मधलीला ओरडते, मधली खालचीला. माझ्याजवळच्या बाईने विळा थांबवला. “त्याला नाय ऐकू जात गो. थांब, मी सांगते.” आणि तिने घळीकाठच्या बाईला हाक दिली. तिने पलीकडे दिली, “ओ दादा, तुमची बायको इचारते, पेणच्या शालंत मास्तरीण होऊ काय?”

सगळ्या उतारावरचे विळे थांबले. आजोबा हातात साल घेऊन उभे होते. मग काहीतरी बोलले.

“घे म्हनतो गो,” जवळची बाई मला म्हणाली. “पन सासूला कोन सांगल, त्ये ठरवा.”

मागून आत्याबाई आल्या. “एवढंच होतं? मला सकाळी सांगितलं असतंस तर मी पुलावरच बसले असते.”

सासूला कोण सांगणार हे आम्हाला ठरवावं लागलं नाही. गवताचे भारे घेऊन बायका आमच्या आधी रोह्यात पोचल्या होत्या. सासूबाई दारातच उभ्या होत्या. आधी त्यांनी साल मागून घेतली, उलटसुलट पाहिली. मग विचारलं, “पेणची पहिली एस.टी. किती वाजता?”

“सहा वीस,” मी म्हणाले. वेळापत्रक मी पाहून ठेवलं होतं.

“मग डबा पाचला लागेल. तू लवकर उठतेस, तुझा तूच कर.”

“लगेच हो कसं म्हणालात?” असं मी आजोबांना पुष्कळ वर्षांनी विचारलं. ते म्हणाले, “सगळ्यांच्या हातात विळे होते.”

एकोणतीस वर्षं मी पेणला शिकवलं. त्या उतारावर आता कोणी गवत कापत नाही, त्यामुळे वाट बुजली आहे. कुड्याची झाडं आहेत. वेळापत्रकाचा कागद माझ्याकडे आहे, घडीवर फाटलाय, पण साडेअकराची ओळ वाचता येते.