सुमनताईंची खुर्ची आणि फादरचा गुरुवार

चार माणसं दर गुरुवारी जमली की किस्से साचणारच, घरात जुन्या पिशव्या साचतात तसे. टाकून देववत नाहीत!

आमचं टोळकं वर्ध्याचं. केरळातून येऊन पक्के वऱ्हाडी झालेले फादर चर्चमागच्या खोलीत गेल्या शतकातल्या कॅथलिक विचारवंतांचं लेखन मराठीत करून वाचतात. ऐकायला मी, रिटायर्ड लायब्रेरियन. बोर्ड रंगवणारे गजूभाऊ. आणि वडनेरकडच्या एका गावच्या सरपंच सुमनताई. ख्रिश्चन एकटे फादरच! "तुमी काऊन येता?" त्यांनी एकदा विचारलं. गजूभाऊ म्हणाले, "तुमच्याकडचा चहा लय भारी असते, फादर!"

एकदा फादरनी वाचलं, की कलावंतानं वाहवा बघू नये, हातातलं काम चोख व्हावं एवढंच बघावं. झालं! सावंगीला एका डेंटिस्टच्या बोर्डवरचा दात गजूभाऊंनी तीनदा खोडला. डॉक्टर वैतागले, "अहो, चालतं की!"

"तुमाले चालते, दाताले नाई चालत!"

मग आलं, माणूस हे साधन नव्हे, प्रत्येक जण स्वतंत्र व्यक्ती. मी भारावलो. परतताना ऑटोवाल्याला म्हटलं, "भाऊ, तू माझ्यासाठी साधन नाहीस, व्यक्ती आहेस."

"मंग सरका काकाजी, अजून दोन व्यक्ती बसवाच्या हायेत."

सुमनताईंचं दुखणं मात्र खरं होतं. निवडून आल्या त्या, पण पंचायतीत खुर्चीवर बसायचे त्यांचे मालक, मधुकरराव! ताई बाजूच्या स्टुलावर, दाखवतील तिथं सही. मला तर ऐकूनच संताप यायचा.

एका गुरुवारी फादरनी वाचलं, "जे लहानाले स्वतः जमते, ते मोठ्यानं त्याच्या हातून काढून घेऊ नये. हे सरकारबद्दल हाये बरं."

"फादर, हे नवरा-बायकोले लागते का?"

फादर गडबडले. "माझं लग्न नाई झालं, ताई!"

आम्ही हसलो. ताई नाही हसल्या.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी गजूभाऊंकडून खुर्चीच्या पाठीवर लाल ऑइलपेंटनं लिहून घेतलं, 'सरपंच सुमनताई'. सवयीनं मधुकरराव आले, ऐसपैस टेकले, आणि दिवसभर पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर बायकोचं नाव उलटं घेऊन गावभर फिरले! संध्याकाळी गजूभाऊंवर ओरडले, "रंग ओला हाये म्हणून सांगितलं काऊन नाई?"

"तुमी बसान असं वाटलंच नाई! खुर्ची ताईची हाये ना!"

त्यानंतरच्या ग्रामसभेला आम्ही तिघं मुद्दाम गेलो. ताई खुर्चीत होत्या, पुढ्यात रजिस्टर.  मधुकरराव समोर सतरंजीवर, लोकांत. पाण्याच्या टाकीचा विषय निघाला आणि ते उठलेच, "तर मंडळी, आमी असं ठरवलं हाये का..."

"थांबा," ताई म्हणाल्या. "बोलाच्या आधी नाव सांगा. आन् वार्ड."

 मधुकररावांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. फादर आपल्या चपलांकडे बघत होते.

"मधुकर," ते शेवटी म्हणाले. "वार्ड दोन."

ताईंनी ते सावकाश रजिस्टरात लिहिलं.

"हं. बोला आता."