बरणीतली नळी

जोतीरामच्या दुकानात शिरलं की आधी बरण्या दिसतात. नळीला टोकं दाबून बसवायचं यंत्र, पान्हे, खिळ्यांना वेटोळी करून टांगलेल्या काळ्या नळ्या, हे सगळं नंतर. बारामती एमआयडीसीच्या मागच्या रस्त्यावर त्याची पत्र्याची शेड आहे. तिच्या सावलीच्या भिंतीला एक फळी, फळीवर काचेच्या नऊ बरण्या. प्रत्येकीत पेट्रोल आणि पेट्रोलात बोटाएवढा नळीचा तुकडा. झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख.

नवं गिऱ्हाईक विचारतं, "हे काय, लोणचं घातलंय का?"

"व्हय," जोतीराम म्हणतो. "मुरतंय."

जोतीराम मूळचा लोणी भापकरचा, वय एक्कावन्न. पोटासाठी तो जेसीबीच्या आणि ऊसतोडणी यंत्रांच्या तेलाच्या नळ्या करतो, पण लोक त्याला ओळखतात ते जुन्या मोटारींच्या पेट्रोलच्या नळ्यांसाठी. उसाचं इथेनॉल पेट्रोलमध्ये येऊ लागलं, ते जुनं रबर खातं असं लोक बोलू लागले, तेव्हा त्याला प्रश्न पडला की कुठलं रबर, आणि किती दिवसांत? सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून त्यानं घरातल्या बरण्या उचलून आणल्या. मिळेल त्या नळीचा तुकडा बुडवला आणि थांबला. जो तुकडा वर्षभर कडक राहिला ती नळी गाडीत घालायची. जो फुगला ती नाही. लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आणि विश्वास ठेवला. त्याच्याइतका विश्वास मात्र कुणाचाच नव्हता.

चौथ्या बरणीतला तुकडा ज्ञानेशचा.

ज्ञानेश इंदापूरचा. दोघं एकाच वेळी म्हस्कू मिस्त्रींच्या हाताखाली शिकले, एकाच डब्यात जेवले. पाच वर्षांपूर्वी ज्ञानेशनं पुण्याहून नव्या नळीचं मोठं भेंडोळं आणलं. दाब सोसणारी, नव्या पेट्रोलला चालणारी, अंगावर तसं छापलेलं. त्यानं स्वतःच वीतभर तुकडा आणून दिला. "तूच बघ बाबा. तुझ्या बरणीचा शिक्का लागला की झालं."

तीन महिन्यांत तो तुकडा शिजलेल्या शेंगेसारखा मऊ झाला. वरचं रबर सुटून आतले धागे दिसू लागले. जोतीरामनं तो चिमट्यानं बाहेर काढला आणि दुकानात बसलेल्या चार जणांसमोर म्हणाला, "ज्ञानेशची नळी कुजती."

चार जण पुरेसे होते. वाक्य इंदापूरला पोचलं. वर्षाच्या आत ज्ञानेशनं गाड्यांचं काम बंद करून ठिबकचं सामान आणि पाइप विकायला घेतले. दोघं पुन्हा बोलले नाहीत. जोतीरामला वाईट वाटलं, पण आपण चुकलो असं वाटलं नाही. बरणी समोरच होती.

या उन्हाळ्यात वरकुट्याचे भीमातात्या त्यांची पांढरी जुनी एस्टीम घेऊन आले. काचा चारही बाजूंनी उघड्या.

"पेट्रोलचा वास येतोय रं महिनाभर. म्हातारी गाडीत बसंना. म्हणती, पेटून मरायचं तर घरीच मरंन."

जोतीरामनं बॉनेट उघडलं. "नळी कुणी घातली ही?"

"ज्ञानेशनं. इंदापूरच्या. पाच वर्सं झाली."

जोतीराम म्हणाला, "मग वास येणारच की, तात्या."

"म्हंजी माझाच ऊस माझीच नळी खातोय म्हण की."

"तसंच समजा. समदी बदलू. टाकीपास्नं पुढंपातुर."

त्यानं गाडी वर घेतली. टाकीपासून पंपाच्या दाबाची नळी, परतीची नळी, गाळणीच्या दोन्ही बाजूंचे तुकडे असं सगळं सोडवलं, फडक्यावर मांडलं. मग, तात्यांना दाखवावं म्हणून, ब्लेड घेऊन एक तुकडा उभा चिरला. शेंग उघडावी तसा तो उघडला.

आत काळं, गुळगुळीत अस्तर. नखानं दाबलं, वळ उठला नाही. वाकवलं, चीर गेली नाही. त्यानं दुसरा तुकडा चिरला. मग तिसरा. तात्या खुर्ची ओढून जवळ आले.

"चांगलीच दिसतीया की."

जोतीरामनं उरलेला तुकडा उलटसुलट करून पाहिला. गाळणीजवळच्या टोकाला मात्र खोल काप होता. त्यानं तिथली क्लिप उचलून पाहिली. पातळ पत्र्याची, कडा धारदार.

"ही क्लिप कुणाची, तात्या?"

"माझी. जुनी गंजली व्हती. ठिबकची व्हती घरात, म्हटलं काय फरक पडतोय. आवळली चांगली."

"तिनं कापली नळी. वास तितनं."

"म्हंजी नळी न्हाय, मीच."

त्यानं तात्यांच्या गाडीत नवी नळी घातली, शिरस्त्याप्रमाणे. मापं घेतली, एक्झॉस्टपासून लांब, घासणार नाही अशी ओढली. वळवलेल्या कडांच्या क्लिपा लावल्या, गाळणीला नव्या पितळी जोडण्या बसवल्या. प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्राचा कपटा ठेवून नुसती किल्ली फिरवली. पंप गुणगुणला. कपटे कोरडे राहिले. तात्या काचा वर करून गेले. जुनी नळी जोतीरामनं ठेवून घेतली.

घरी जेवताना तिचा एक तुकडा ताटाशेजारी होता. संजीवनी, त्याची बायको, म्हणाली, "ते आधी उचला हितनं. अन्न हाय समोर."

"बरणीत कुजली. गाडीत न्हाय कुजली. नळी तीच. पेट्रोल तेच."

"बरणीत कशी घालता?"

"कशी म्हंजी? बुडवतो."

"समदी?"

"समदी."

ती भाकरी मोडत होती. "लोणचं बरणीत घालत्यात. बरणी कुणी लोणच्यात घालत न्हाय."

त्यानं तुकडा उचलून त्याच्या भोकातून पाहिलं. तिनं आणखी आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी त्यानं तात्यांच्या नळीच्या धड भागाचे दोन तुकडे केले. एक बरणीत बुडवला. दुसऱ्याच्या खालच्या तोंडात बोल्ट आवळला, आत पेट्रोल भरलं, वरूनही बंद केला आणि खिळ्याला टांगला. मग चाळीस दिवस तो रोज दोघांकडे पाहत होता. गिऱ्हाईक बोलत असताना, चहा पिताना. काय दिसावं अशी आपली इच्छा आहे, हे त्याला नीट ठरवता येत नव्हतं.

बरणीतला फुगला. वरचं रबर मऊ झालं, कापलेल्या तोंडातून पेट्रोल धाग्यांत शिरलं होतं. टांगलेला त्यानं रिकामा करून चिरला. आत काळं, गुळगुळीत.

आतलं अस्तर पेट्रोलसाठी असतं. वरचं कातडं ऊन, धूळ आणि तापासाठी. त्या कातड्याला पेट्रोल कधी भेटायचंच नसतं. इतकी साधी गोष्ट. तो नऊ बरण्यांसमोर उभा राहिला. यातल्या किती चांगल्या नळ्या आपण नाकारल्या? आणि ज्या पास केल्या, त्यांचं फक्त वरचंच तर चांगलं नव्हतं? दुपारभर तो आपल्या जुन्या गिऱ्हाइकांची नावं आठवत बसला. पण सगळ्यांच्या आधी एक नाव होतं.

सकाळी तो मोटारसायकलवरून इंदापूरला गेला. पिशवीत चिरलेली नळी आणि चौथी बरणी, पेट्रोल काढून पुसलेली.

ज्ञानेश गल्ल्यावर नव्हता, आत ठिबकच्या क्लिपा मोजत बसला होता. केस पांढरे झालेले.

"या, जोतीराम. पाइप पायजे का?"

"न्हाय. तुझी नळी कुजत न्हाय."

ज्ञानेशनं क्लिपा खाली ठेवल्या. जोतीरामनं उभ्यानंच सगळं सांगितलं. तात्यांची गाडी, बरणी, बोल्ट, चाळीस दिवस. संजीवनीचं वाक्यही सांगितलं. शेवटी म्हणाला, "चौघांम्होरं बोललो व्हतो. त्यातला एक वारला. बाकीच्या तिघांना काल सांगितलं. मग तुझ्याकडं आलो."

ज्ञानेशनं नळीच्या आतून बोट फिरवलं.

"ही एकच राहिली असंल," तो म्हणाला.

"म्हंजी?"

"बाकीच्या मी काढल्या. तू बोललास तवा. एकवीस गाड्या. घरोघर गेलो, पदरचं सामान घालून बदलून दिल्या. काढलेल्या जाळल्या. तात्या एकटे म्हणाले, चालतीया तर चालू दे."

"चिरून बघितली न्हाईस एक तरी?"

"कशाला बघू? तू बघितली व्हतीस की."

बाहेर ट्रॅक्टर थांबला. कुणीतरी वाकड्या जोडाचा भाव विचारला. ज्ञानेशनं बसल्या जागी सांगितला. गिऱ्हाईक गेलं. जोतीरामनं तयार करून आणलेले शब्द या एकवीस गाड्यांसाठी नव्हते.

ज्ञानेशनं नळीचं कापलेलं टोक उजेडाकडे धरलं. "हा काप कशाचा?"

"ठिबकच्या क्लिपचा. तात्यांनीच बसवली."

ज्ञानेशनं पुढ्यातल्या ढिगातून तशीच एक क्लिप उचलली, कापावर धरून पाहिली. नेमकी बसली. "माझ्याच दुकानातली," तो म्हणाला, आणि त्याच्या नाकातून हसण्यासारखा आवाज आला.

जोतीरामनं विचारलं, "ती नळी अजून मिळती का पुण्यात?"

"मिळंल. कशाला?"

"दहा मीटर मागव. माझ्या नळ्या घातलेल्या गाड्या उघडून बघायच्यात मला. नळ्या आतनं-बाहेरनं, दोन्ही बाजूंनी. एकट्याला जमणार न्हाय."

"आणि आल्यावर आधी बरणीत घालशील."

"बरणी आणलीया." त्यानं पिशवीतून काढून ती टेबलावर ठेवली. "संजीवनी घरात घेईना. चारदा घासली, वास जात न्हाय."

ज्ञानेशनं झाकण उघडून नाकाशी नेली. मग पुढ्यातल्या ढिगातल्या क्लिपा एक एक करून तिच्यात टाकू लागला.

"बस, जोत्या," तो म्हणाला. "मापं सांग."