रेवसच्या लाँचचं खोटं उत्तर

सॉफ्टवेअर तपासणाऱ्याने डोकं शांत ठेवावं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी रेवस धक्क्यावरच्या सर्व्हरशी चार दिवस संसार करून दाखवावा.

आम्ही लाँचचं, म्हणजे खाडीतल्या प्रवासी बोटीचं, ॲप बनवत होतो. रेवसहून मुंबईला भाऊच्या धक्क्याला पुढची लाँच किती वाजता, एवढंच ते सांगायचं. ॲपने धक्क्यावरच्या सर्व्हरला विचारायचं, सर्व्हरने वेळ कळवायची. मी जवळच्याच आमच्या गावात घरी बसून त्याच्या चाचण्या लिहीत होतो. त्या आपोआप चालायच्या आणि आपोआपच मान टाकायच्या, कारण धक्क्यावरची वीज गेली की सर्व्हर मुका. ॲपात काडीची चूक नाही, तरी पडद्यावर सगळं लाल. पुण्यातला साहेब रोज फोनवर, "झालं का?" काय सांगणार, कप्पाळ.

शेवटी वैतागून मी सगळे करतात तेच केलं. चाचणीत खऱ्या सर्व्हरला विचारायचंच नाही. विचारणा मध्येच अडवायची आणि आपण लिहून ठेवलेलं उत्तर ॲपच्या हातात ठेवायचं. याला मॉक म्हणतात. एका दुपारी भर भरतीला खऱ्या सर्व्हरचं उत्तर एकदाच उतरवून घेतलं: वेळ, भाडं, आणि शेऱ्याचा रकाना रिकामा. रिकामा रकाना लोकांना दाखवायचा कशाला? ॲपमधून गाळला. चाचण्या हिरव्यागार झाल्या, ॲप लोकांच्या फोनवर गेलं आणि साहेबाचा फोन थांबला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख होती. काचबिंदू. डावा डोळा गेलेलाच, उजवा वाचवायचा होता. मुंबईच्या दवाखान्यात तीन महिने थांबून मिळालेली तारीख, दहाच्या आत हजर राहायचं. घरातून निघताना तिने विचारलं, "लाँच हाय ना रे?" मी फोन पुढे धरला. साडेसात. "मी स्वतः तपासलंय," म्हणालो.

धक्क्यावर पोचलो तर लाँच चिखलात बसलेली. सुकती लागली होती, पाणी पार लांब गेलेलं. तिकीट खिडकीतल्या कारकुनावर मी असा तापलो की रांगेतले लोक वळून बघायला लागले. रद्द आहे तर रद्द लिहायला काय होतं तुम्हाला?

"रद्द कुठाय?" तो म्हणाला. "सुटणार की, पाणी आल्यावर. शेऱ्यात लिहिलंय." त्याने पडदा माझ्याकडे वळवला. लिहिलं होतंच. आमच्याकडे सुकतीला लाँच कोणी रद्द म्हणत नाही, वेळही पुसत नाही, नुसतं थांबतात. याच खाडीकाठी जन्मलेल्या मला हे कळू नये? शेण मी खाल्लं होतं आणि वर त्याच्याशीच भांडत होतो.

पेणवरून एसटीने गेलो. दवाखान्यात पोचेपर्यंत बारा वाजून गेले. पुढची तारीख दोन महिन्यांनी मिळाली. तोवर जेवढी नजर जाईल ती परत येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं.

बाहेर बाकावर बसून मी सर्व्हरला शिव्या घातल्या, कारकुनाला घातल्या, साहेबाला घातल्या. आई सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "परवाच पुनव झाली. सकाळची सुकती असनार, मला ठावं व्हतं. पन तू तपासलंय म्हनालास, मंग मी कशाला बोलू?"