माझं काउन्सेलिंग आणि मामाचे राउंड

मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्यासोबत वडील, मामा आणि माझ्या टीसीच्या तीन झेरॉक्स होत्या.

झालं असं. मी लोह्याचा नकलाकार. लग्न, बारसं, रिटायरमेंट, कुठंबी माइक दिसला की मी कंडक्टर होतो, हेडमास्तर होतो, गरज पडली तर म्हैसबी होतो. पण अर्धापूरला चुलतभावाच्या साखरपुड्यात माइक हातात घेतला अन् छाती अशी धडधडली की मी माइक टाकून मांडवामागच्या केळीच्या बागेत पळालो! लोकांना वाटलं, हाबी नकलेचाच आयटम हाय. मी तिकडं केळीच्या बुडाला बसून घामाघूम, अन् इकडं टाळ्या! अण्णांच्या (म्हणजे माझ्या वडिलांच्या) सगळ्यात जोरात.

तीन महिन्यांत हे तिसऱ्यांदा. गुपचूप ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, "दिल एकदम ठणठणीत. तू काउन्सेलिंग घे." त्यांनी नांदेडच्या एका मॅडमचा नंबर दिला. मी फोनवरच भीतभीत विचारलं, "मॅडम, राग मानू नका, तुमचं शिक्षण काय?" राग कसला! त्या म्हणाल्या, "विचारायलाच पाहिजे." मग शिक्षण सांगितलं, फी सांगितली, पन्नास मिनिटं बसायचं हे सांगितलं, आणि गोळ्या त्या देत नाहीत, लागल्या तर दुसऱ्या डॉक्टरकडं पाठवतात, हेही सांगितलं. इतकं सरळ तर आमच्या गल्लीत कुणी पत्ताबी सांगत नाही.

घरी फक्त एवढंच बोललो, "अण्णा, उद्या नांदेडला काउन्सेलिंग हाय."

चूक इथंच झाली. लातूर ते नांदेड या पट्ट्यात काउन्सेलिंग या शब्दाचा एकच अर्थ होतो. ॲडमिशन!

"कुठलं रे?" अण्णा ताडकन उठले.

"प्रायव्हेट हाय."

"प्रायव्हेट तर प्रायव्हेट! बीएस्सी होऊन तीन वर्षं झाली, पण शेवटी बीएड करू लालास ना!"

खरं तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण अण्णांचं तोंड असं उजळलं होतं, अन् ते विझवायचं काम माझ्यानं होईना. त्यांनी लगेच लातूरच्या मामाला फोन लावला. मामानं दोन पोरी मेडिकलला लावल्यात. तेव्हापासून ॲडमिशनच्या बाबतीत तो स्वतःला सरकारच समजतो!

सकाळच्या लातूर-नांदेड गाडीत मामा आधीच बसून आला. आम्ही लोह्याला चढलो.

"भाच्या, टीसी ओरिजनल?"

"मामा, माझं जरा ऐका..."

"डोमिसाईल? फोटो? पहिल्या राउंडला जे भेटंल त्याला हाव म्हणू नको. चांगलं कॉलेज दुसऱ्या राउंडला येतंय!"

"मामा, हे तसलं न्हाई..."

"तू गप. तुझ्या बापाला तरी काय कळतंय? न्हाई का हो दाजी?"

दाजी म्हणजे आमचे अण्णा. त्यांनीबी मान हलवली. आनंदात माणूस कशालाबी मान हलवतो.

मॅडमच्या दारावर पाटी होती, 'समुपदेशन केंद्र'. अण्णांनी ती दोनदा वाचली. आत चार खुर्च्या, एक कुंडी, अन् माणूस एकबी नाही.

"बघितलं का दाजी?" मामा कुजबुजला. "गर्दीच न्हाई. आपला नंबर पहिला!"

मॅडम बाहेर आल्या. अण्णांनी दोन्ही हातांनी फाईल पुढं केली. "मॅडम, बारावीला जरा कमी पडले पोराला. पण नक्कल लई भारी करतो!"

"दाजीऽऽ!" मामा किंचाळला. "नक्कल म्हणू नका! कॉपी केली म्हणतील!"

मॅडमनी ओठ गच्च मिटले. (हसू आवरायचं शिक्षणबी त्यांनी घेतलेलं असणार.) म्हणाल्या, "कागदपत्रं नकोत. फक्त यांना आत येऊ द्या."

"पालक नकोत?"

"यांचं वय?"

"चोवीस."

"मग नकोत."

आत गेल्यावर त्यांनी आधीच सांगितलं, "इथं बोललेलं इथंच राहतं. जिवाला धोका असेल तरच मी बाहेर बोलेन, आणि तेही आधी तुम्हाला सांगून." मी लगेच कंडक्टर झालो, मग हेडमास्तर, मग मामा. मॅडम खळखळून हसल्या. मला वाटलं, जिंकलो! आपण बरे झालो, चला घरी!

"छान," त्या म्हणाल्या. "आता माधवचा आवाज काढा."

माधव म्हणजे मीच की! तोंड उघडलं. काहीच निघालं नाही. छाती सुरू झाली, धाड धाड धाड. मॅडम घाई करेनात. शेवटी एक बारीक, किरकिरा आवाज निघाला, "मला लई भ्या वाटतं मॅडम. एखाद्या दिवशी कुणीच हसलं न्हाई, तर मग मी कोण?"

एवढं बोलायला चार टिश्यू लागले.

बाहेर अण्णा उभेच. "मॅडम, लागला का नंबर?"

"ते माधवच सांगतील. मी काही सांगू शकत नाही."

"अहो, मी बाप हाय त्याचा!"

"हो. तरीसुद्धा."

"यादी लागंपर्यंत गुप्त ठेवत्यात," मामानं समजावलं.

अण्णांनी माझे लाल डोळे बघितले. हळूच म्हणाले, "न्हाई लागला? जाऊ दे लेका. रडायचं न्हाई."

आता मात्र राहवलं नाही. "अण्णा, हे ॲडमिशनचं न्हाई. माइक धरला की माझा जीव घाबरू लालाय. त्याचा इलाज हाय हा."

मामा गप्प! (साक्षीदार म्हणून मॅडम होत्या, नाहीतर कुणाला पटलं नसतं.)

"म्हंजी अर्धापूरला..." अण्णा थांबत थांबत बोलले. "तू तिकडं घाबरून बसलास, अन् मी टाळ्या वाजवून राहिलो?"

"हाव."

"मग सांगायचं ना मला!"

"तुम्ही लई खुश होतात."

अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो बराच वेळ काढलाच नाही. मग मॅडमना विचारलं, "किती राउंड लागतील ह्याला?"

"आत्ताच सांगता येणार नाही. दोन-तीनदा येऊ द्या. माझ्याशी नाही जुळलं, तर दुसऱ्या कुणाचं नाव मीच देईन. त्यात राग नाही."

"घ्या!" मामाला वाचा फुटली. "म्हंजी पसंत न्हाई पडलं तर बदलता येतंय! सिस्टीम तीच हाय की!"

आता मी एकटाच जातो. आठ वेळा झालं. घरी आलो की आत काय बोललो ते अण्णा विचारत नाहीत. फक्त म्हणतात, "बोललास ना?" मी म्हणतो, "बोललो." मग आम्ही जेवतो.

मागच्या आठवड्यात उमरीला एका बारशात माइक धरला. छाती धडधडली. मी लोकांना तसंच सांगून टाकलं, "थांबा, जरा धडधडू लालंय," आणि दोन मिनिटं माझ्याच आवाजात बोललो. कुणी पळालं नाही, मीसुद्धा नाही. हसलंबी कुणी नाही म्हणा! कारण इतकी वर्षं शंभर आवाजांखाली दाबून ठेवलेला हा माधव, खरं सांगतो, लई बोर माणूस निघाला!