बुरशीचं सोवळं

स्पिरिटचा वास आला की मला इस्लामपूरची मालतीताई आठवते. नव्वदच्या दशकात तिनं परसातल्या खोलीत प्रयोगशाळा काढली. उसाच्या कोंबाचा कण घेऊन ती बाटलीत रोपं वाढवायची.

मी सोवळ्याविरुद्धची पत्रकं वाटत तिच्या दारात पोचले. पाटी होती: 'चपला बाहेर. आत काही शिवू नये.' माझं टाळकंच सटकलं.

"ताई, हितंबी सोवळं?"

"व्हय. पण जातीचं न्हाई, बुरशीचं. बाटलीत बुरशी शिरली की रोपं मरत्यात. सगळ्यांना सारखं."

तेवढ्यात साखर कारखान्याचे संचालक आले. त्यांनी रोपं घेतली नाहीत तर प्रयोगशाळा बंद पडणार होती. ते बुटांसकट आत शिरायला लागले, तशी ताई दारात आडवी उभी राहिली.

"आवं, बूट काढा."

"मी काय देवळात आलोय? ऑर्डर पायजे का न्हाई?"

"पायजे. बूट बाहेर."

ते तणतणत निघून गेले.

पुढं शेतकरीच तिच्याकडून रोपं न्यायला लागले, ती साताऱ्यापर्यंत गेली, त्याचं कौतुक लोक करतात. तेव्हा मला तो नुसता हट्ट वाटला होता. आज तो उंबराच मोठा वाटतो. ज्या गावात आमच्या माणसांना उंबऱ्याबाहेर वरून पाणी ओतत, तिथं साहेब बाहेर राहिले आणि स्पिरिटनं हात पुसून मी आत गेले.